पुंगळीचा तळ आणि तोंड : वसाहतकालीन काडतूस-रूपांतर व तेर परिसराचे स्थानिक इतिहासलेखन

प्रस्तावना :

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर होय. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचाही व्यापारी नगर म्हणून उल्लेख आढळतो. येथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकृती वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडले. घडण एका काळाची आणि उपयोग दुसऱ्या काळाचा असल्यास दोन्ही स्वतंत्रपणे वाचावे लागतात, हे तेरच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. हीच दृष्टी रायफलच्या पितळी पुंगळीला लावता येते. एका मापाच्या पुंगळीपासून दुसऱ्या मापाची पुंगळी कशी घडली आणि त्यामागे कोणती राजकीय कारणे होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

रूपांतराचे तत्त्व :

काडतुसाची पुंगळी साधारणपणे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असलेल्या पितळेची असते. पत्र्याच्या चकतीला प्रथम वाटीचा आकार देतात, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात, तळ ठोकून घट्ट करतात आणि शेवटी तोंड आवळतात. पितळ ठोकल्याने कडक होते व तापवल्याने पुन्हा मऊ होते. तांबट आळीतील कारागीर ज्या गुणाच्या आधारे भांडी घडवतो, त्याच गुणावर हे कामही चालते. तळ आणि त्याची कडा जाड असल्याने त्यांत बदल करणे अवघड असते. तोंड मात्र पातळ असते. म्हणून ज्या दोन काडतुसांचे तळ एकमेकांशी जुळतात, त्यांच्यातच रूपांतर सुलभ होते. अशा रूपांतरित पुंगळीच्या तळावर जुन्या कारखान्याचा व जुन्या मापाचा शिक्का तसाच राहतो, तोंड मात्र नव्या बंदुकीचे माप सांगते.

साम्राज्याची गरज आणि पुंगळीचा आकार :

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिच्यासाठी पूर्वीच्या स्नायडर रायफलच्या ०.५७७ इंची पुंगळीची लांबी वाढवून तोंड ०.४५० इंचापर्यंत आवळण्यात आले. या काडतुसाचे ‘५७७/४५०’ हे नाव म्हणजे त्याची वंशावळच होय. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी मागील शस्त्र ठेवण्याचे धोरण होते. त्यामुळे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला, तो याच कालखंडात.

पुढे मार्टिनीच्या ०.४५० इंची गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने हिंदुस्थानात त्या मापाच्या खासगी वापरावर बंदी घातली. याचा फटका शिकारी रायफली बनविणाऱ्या इंग्लिश कंपन्यांना बसला. हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९०७ मध्ये ०.५०० इंची पुंगळीचे तोंड आवळून ‘५००/४६५’ हे नवे काडतूस काढले. हिंदुस्थानातील एका सरकारी हुकुमाने लंडनमधील कारागिराला पुंगळीचा आकार बदलावयास लावला. सैन्याचे ०.३०३ इंची काडतूसही खासगी परवानाधारकास वर्ज्य ठरले. त्यामुळे मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे असलेले ८ मिलिमीटरचे काडतूस येथे ‘०.३१५’ या नावाने रूढ झाले.

सर्वांत बोलके उदाहरण पोलिसांच्या ०.४१० मस्केटचे आहे. ली-एन्फिल्ड रायफलच्या नळीतील पिळाचे खाचे काढून ती गुळगुळीत व रुंद करण्यात आली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकबारी केली गेली. तिचे काडतूस ०.३०३ च्याच पुंगळीवर आधारलेले होते. फक्त तिचे तोंड आवळले नव्हते, ते सरळच ठेवले होते. परिणामी मारा जवळच्या अंतरापुरता उरला. शिपायाच्या हातातील शस्त्र दिसावयास लष्करी, परंतु प्रत्यक्षात दुबळे, असा हा प्रकार होता. अन्य देशांतील छंदिष्ट नेमबाज दुर्मीळ काडतूस मिळावे म्हणून पुंगळीचे रूपांतर करतात. वसाहतकालीन भारतात मात्र पुंगळीचे तोंड अविश्वासापोटी बदलले गेले.

१९४८ आणि तेरचा परिसर :

तेर तेव्हा हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात होते. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे-थे करारानंतरही संस्थानाचा शस्त्रपुरवठ्याचा प्रश्न सुटला नाही. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी संस्थानात चोरटी शस्त्रे आणली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले व त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ सप्टेंबर रोजी संस्थानाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या अत्याचारांची स्मृती या भागात अद्याप जिवंत आहे. त्याचबरोबर पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला होता. तो अहवाल २०१३ मध्ये अभ्यासकांना खुला झाला.

अशा विवाद्य काळासाठी भौतिक पुराव्याचे मोल मोठे आहे. परंतु शेतात वा पडक्या गढीत सापडलेल्या पुंगळीच्या तळावरील शिक्का केवळ ती कोठे व केव्हा घडली, एवढेच सांगतो. ती कोणी झाडली, हे सांगत नाही. ०.३०३ ची पुंगळी सैनिकाची, पोलिसाची किंवा पळविलेल्या रायफलीची असू शकते. सरळ तोंडाची पुंगळी मस्केटकडे बोट दाखवते. तळ व तोंड यांत मेळ नसल्यास ती नंतर रूपांतरित झाली असण्याची शक्यता तपासावी लागते. केवळ शिक्क्यावरून दोषी ठरविणे म्हणजे त्रिविक्रम मंदिराच्या आराखड्यावरून आजचा पूजाविधी ठरविण्यासारखे होईल.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येनुसार दारूगोळ्यात त्याचे सुटे भागही येतात, आणि परवान्याविना त्याचे उत्पादन हा गुन्हा आहे. म्हणून सापडलेली पुंगळी घरी न ठेवता जागेची नोंद करून पोलिसांना कळविणे व त्यांच्यामार्फतच तिचा अभ्यास करणे, हाच योग्य मार्ग होय.

समारोप :

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने सातवाहनकालीन अवशेषांमुळे या गावाचे प्राचीनत्व सिद्ध केले. गेल्या शतकाच्या अवशेषांकडे मात्र तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाही. १९४८ पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या आठवणी, दप्तरातील कागद आणि मातीतील पितळ एकत्र वाचले, तरच या परिसराचा अलीकडचा इतिहास कोणत्याही एका बाजूचा न राहता सर्वांचा होईल.