उपकारस्तुती कोणाची?

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो : उपकारस्तुती. बायबलच्या मराठी भाषांतराने तो रूढ केला आणि रविवारच्या उपासनेने तो जिभेवर बसवला. आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या कानाला हा शब्द खुपतो. खुपणारच. ‘उपकार’ हा शब्द आपल्या बापजाद्यांनी पाटलाच्या ओसरीखाली उभे राहून ऐकलेला. वर्षभराच्या राबणुकीबद्दल खळ्यावरचे उरलेसुरले धान्य पदरात पडायचे, आणि तो हक्क नव्हे, उपकार आहे, हे वदवून घेतले जायचे. त्याची पावती म्हणजे जोहार. तेव्हा दलित माणूस चर्चमध्ये बसून आनंदाने आभार मानतो असे ऐकले की आपण चटकन म्हणतो, मालक बदलला, जोहार तोच. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे हेच म्हणत आला. आंध्रातल्या गुंटूर भागातील लुथरन मंडळींचा इतिहास वाचताना मात्र या मताला तडे गेले. ते मत सगळे कोसळले असे म्हणणार नाही. पण तडे गेले हे खरे.

प्रथम तामिळ प्रदेशात जावे लागेल, कारण हिंदुस्थानातील लुथरन पंथाचा पाळणा तेथे हालला. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन तरुण जर्मन मिशनरी डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगंबाडी बंदरात उतरले. १७०७ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला तो पाच जणांचा, आणि ते पाचही जण डॅनिश मालकांचे गुलाम होते. म्हणजे या मंडळीचे पहिले सभासद बाजारात विकले जाणारे लोक. त्सीगेनबाल्गने तामिळ शिकून नवा करार भाषांतरित केला; तो तरंगंबाडीच्या छापखान्यात १७१४-१५ मध्ये छापला गेला. हा छापील ग्रंथ ज्यांच्या हाती पडला त्यांत राजनायकन नावाचा एक परैयार होता. तो तंजावरच्या राजाच्या फौजेत शिपाईगिरी करीत होता, आणि तंजावरचा राजा म्हणजे व्यंकोजी भोसल्यांचा वंशज, मराठा. आमच्या शाळेच्या पुस्तकांत तंजावरची मराठी शाई भरपूर आहे; त्या राज्याचा हा अस्पृश्य शिपाई मात्र त्यांत कोठेच नाही. राजनायकन मूळचा रोमन कॅथलिक. नवा करार वाचून तो लुथरन मंडळीत आला, गावोगाव शुभवर्तमान सांगू लागला आणि त्याच्या मागे माणसे आली.

पुढे देशी माणसाला पाळकपदाची दीक्षा देण्याचा प्रश्न निघाला. १७३३ साली आरोन याला दीक्षा मिळाली. हिंदुस्थानातला तो पहिला देशी प्रॉटेस्टंट पाळक. तो वेळ्ळाळ. त्यानंतर १७४१ मध्ये दिएगो, तोही वेळ्ळाळ. राजनायकनचे नाव पुढे आले होते, त्याच्या कामाबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण परैयाराच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातीचे ख्रिस्ती कचरतील, या कारणाने ते मागे पडले. ज्या भाकरीचा आणि प्याल्याचा अर्थच ‘सर्वांसाठी दिलेले’ असा, ती भाकर मोडायला हात चालला नाही. राजनायकनने मंडळी सोडली नाही. का सोडली नाही, याचे उत्तर आपण आपल्या सोयीने देऊ नये.

या तंजावरात एक शतकानंतर वेदनायकम शास्त्री हे मोठे ख्रिस्ती कवी झाले (१७७४–१८६४). १८२०च्या दशकात नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी चर्चमधील वेगळ्या बैठका मोडण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच दमात तामिळ गाणी, सणासमारंभातली फुले यांवरही हात टाकला. शास्त्रींनी कडवा विरोध केला. त्यांच्या तक्रारीत फुले आणि गाणी आहेत, आणि परैयारांबरोबर एका प्याल्यातून पिण्याची सक्ती हीही आहे, जणू हे सगळे जुलूम एकाच जातीचे! एतद्देशीय संस्कृतीचे रक्षण म्हणून जे आपल्यापुढे मांडले जाते त्याच्या पोटात अनेकदा काय दडलेले असते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल. शास्त्रींचा आनंद खरा होता, त्यांची कविता खरी होती. आणि त्या आनंदाच्या पंगतीत परैयार चार हात लांब होता. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तात्काळ बंद करावा असा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळ वेळ्ळाळ ख्रिस्ती अँग्लिकन मंडळीतून बाहेर पडले आणि पुढे लाइपझिगच्या लुथरन मिशनकडे वळले, कारण लाइपझिगवाले जातीकडे सामाजिक रिवाज म्हणून काणाडोळा करीत. लुथरन मंडळीचा गौरव करणाऱ्या पुस्तकांत हा भाग लवकर आटोपतात. आपण तसे करण्याचे कारण नाही.

आता गुंटूर. येथे चित्र निराळे, कारण येथे माणसे निराळी. अमेरिकन लुथरन मिशनरी जॉन क्रिश्चन फ्रेडरिक हायर ३१ जुलै १८४२ रोजी गुंटुरात पोचला तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. पुढे तो पलनाडच्या कोरड्या, दगडाळ मुलखात गुरजालाला जाऊन राहिला. त्याच्या मागे मंडळी वाढली ती मुख्यत्वे माला आणि मादिगा या दोन अस्पृश्य जातींतून. माला शेतात राबणारे. मादिगा कातडे कमावणारे, मोट शिवणारे, गावदेवीच्या जत्रेत डप्पू बडवणारे. आपल्याकडचे महार-मांग डोळ्यांपुढे आणले की पुरे. १८५०च्या दशकात बेझवाड्याजवळ कृष्णेवर धरण बांधले गेले, कालवे निघाले, भाताची शेती फोफावली; जमीन कम्मा आणि रेड्डी यांची, चिखलातले पाय माला-मादिगांचे.

शेजारच्या ओंगोलला अमेरिकन बॅप्टिस्टांचे काम होते. तेथील मिशनरी क्लाऊ यांनी मादिगांना घातलेल्या अटी सोप्या होत्या : रविवारी काम करायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, मूर्तिपूजा करायची नाही. त्यातली रविवारची अट वाचून वाचक हसेल. पण सालगड्याने आठवड्यातून एक दिवस ‘आज येणार नाही’ असे म्हणणे म्हणजे काय, हे ज्याने सालगडी पाहिला आहे त्याला सांगायला नको. आणि मृतमांसाची अट वाचताना मार्च १९२७चे महाडचे भाषण आठवल्यावाचून राहत नाही. १८७६-७८च्या दुष्काळावरून ‘भातासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा आजवर मारला जातो. वास्तविक क्लाऊ यांनी दुष्काळी कामे चालू असताना बाप्तिस्मा देणेच थांबवले होते. मदत संपल्यावर लोक लोटले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आणि समजा, भातासाठी कोणी गेलेही असेल. ज्या धर्माने भात दिला नाही त्याने हा टोमणा मारू नये.

लुथरन मंडळींत या माणसांच्या आनंदाला जे रूप आले त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक नावे. शूद्राचे नाव किळस यावी असे ठेवावे, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या वस्त्यांतले धोंड्या, कचऱ्या, दगड्या हे त्या आज्ञेचेच वारस. गुंटूरकडच्या ख्रिस्ती माला-मादिगांनी पोरांची नावे ठेवली आनंदम, संतोषम, कृपम्मा, करुणम्मा, सुवार्तम्मा. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान. कम्मा जमीनदाराला आपल्या शेतावरच्या बाईला हाक मारायची झाली तर ‘शुभवर्तमान’ म्हणूनच मारावी लागणार! तो नाव मोडून तोडून हाक मारील, ही गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट हंगामाच्या सणाची. पीक हाती आले की एका रविवारी मंडळीची माणसे आपापला वाटा घेऊन चर्चमध्ये येतात. भाताची पोती, दुध्या भोपळा, केळीचा घड, पाय बांधलेली कोंबडी, अंडी, ज्याच्याकडे जे असेल ते. वेदीपुढे ढीग लागतो, प्रार्थना होते, मग त्याच मालाचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. दोन रुपयांचा भोपळा हसत-खिदळत वीस रुपयांना जातो. याखेरीज दक्षिणेतल्या कितीतरी मंडळींत बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि तो साठवून चर्चला देतात. तामिळमध्ये त्याला ‘पिडि अरिसि’, म्हणजे मुठीतले तांदूळ, म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हे भाबडेपण वाटेल. पण जरा थांबून पाहू. खळ्यावर या माणसाची जागा घेणाऱ्याची. हात पसरलेला, मान खाली. हंगामाच्या सणाला तोच माणूस देणारा होतो. आणि त्याची उपकारस्तुती मालकाला वळसा घालून जाते! पीक कम्माच्या कृपेने आले नाही, पाऊस आणि माती देवाची, हात माझे; मग आभार मानायचे ते मधल्या माणसाचे कशाला? मार्टिन लूथरने १५२९च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरावलीत ‘रोजची भाकर’ या शब्दांत अन्नवस्त्रच नव्हे, तर घर, शेत, गुरे, चांगले सरकार, चांगला शेजार हे सगळे मोजले आहे. ज्याच्याकडे शेत नाही, घराची जागा नाही, शेजार वेशीबाहेर ठेवणारा, त्या मादिगा पोराने ही यादी पाठ केली. जे आपल्याला मिळायला हवे आणि मिळालेले नाही, त्याची ही यादीच त्याच्या हाती आली, असे मी म्हणतो. अर्थात खुद्द लूथरने १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध सरदारांची बाजू घेतली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. त्याच्या शिकवणीतून त्याने काढला नाही तो अर्थ दुसऱ्यांना काढावा लागला.

तो अर्थ काढणाऱ्यांत एक आपला मराठी माणूस होता. अरविंद पी. निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या ईश्वरशास्त्राचा विचार मांडला. पुढे मद्रासच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरशास्त्राच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. लुथरन संस्थेने हे पीठ निर्माण केले, हे राजनायकनच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. निर्मळांनी आधाराला घेतला तो अनुवाद या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय. हा अध्याय म्हणजे हंगामाच्या सणाचाच विधी : पहिल्या पिकाची टोपली आणायची, आणि ती ठेवताना आपला पूर्वज भटका होता, आपण गुलाम होतो, आपला छळ झाला, हे मोठ्याने बोलायचे. मग आनंद करायचा, तोही एकट्याने नव्हे. दारी राहणाऱ्या परक्याला घेऊन. निर्मळांचे म्हणणे असे की दलित ख्रिस्त्याने आपल्या दलित पूर्वजाला असेच नाव घेऊन पुकारले पाहिजे, कारण त्या पूर्वजाला तर भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. गुलामी विसरायला लावणारी कृतज्ञता आणि गुलामी आठवून केलेली कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जोहार आहे.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना नेमके या जागी बोट ठेवले. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय त्यांनी नाकारले नाही. पण चर्चमध्ये जात शिल्लक आहे आणि धर्मांतरित माणूस आपल्या हक्कांसाठी उभा राहत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती बऱ्याच अंशी खरी होती. तरी एक नाव पुढे ठेवावेसे वाटते : गुर्रम जाषुवा (१८९५–१९७१). विनुकोंड्याचा हा कवी, आई मादिगा. गुंटूरच्या लुथरन मंडळीच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत त्याने काही वर्षे नोकरी केली. १९४१च्या ‘गब्बिलम’ या त्याच्या काव्यात एक अस्पृश्य माणूस शिवाकडे निरोप पाठवतो तो वटवाघळाकरवी. कालिदासाच्या यक्षाला मेघ मिळाला, याला देवळात शिरू शकणारे वटवाघूळ पुरते. ‘क्रीस्तु चरित्र’ या काव्याला १९६४ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. सवर्णांनी त्याला पंक्तीबाहेर बसवले आणि पुराणातल्या विषयांवर लिहितो म्हणून ख्रिस्त्यांनीही डोळे वटारले. ज्याच्या नावातच यहोशवा आहे अशा या माणसाने वर पाहून आभार मानले आणि समोर पाहून जाब विचारला. दोन्ही त्याला एकाच वेळी जमले.

१७ जुलै १९८५ रोजी कारंचेडूला कम्मा जमीनदारांनी मादिगांची कत्तल केली. मेलेल्यांत बायबलमधली नावे असलेले होते. त्यातून दलित महासभा उभी राहिली. ६ ऑगस्ट १९९१ रोजी गुंटूर जिल्ह्यातल्या चुंडूरला मालांचे आठ जण मारले गेले; २००७ साली विशेष न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली आणि २०१४ साली उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. मारणाऱ्याने धर्म विचारला नव्हता, जात त्याला ठाऊक होती.

धर्म विचारते ते सरकार. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना, १९९० साली आपल्या बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७च्या रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढावी असे सांगितले; पुढे काही हालले नाही. सूसै हा मद्रासच्या रस्त्यावर बसणारा आदि-द्रविड चांभार. सरकारने चांभारांना टपऱ्या वाटल्या त्या त्याला मिळाल्या नाहीत, कारण तो ख्रिस्ती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला विचारले की ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्यतेचा जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतो, याचा पुरावा काय? सूसैकडे आरी होती, रापी होती, पुरावा नव्हता. तो पुरावा जर्मनीत हाल्ले गावी त्या मिशनच्या दप्तरात आहे. राजनायकन नावाच्या परैयाराला प्याला का देऊ दिला नाही, हे मिशनऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.