कॅप्टन पिकार्ड रिटायर झाल्यावर काय करत असेल? चाहत्यांचे अंदाज आणि पडद्यावरचं उत्तर

(स्पॉइलर अलर्ट: 'स्टार ट्रेक: पिकार्ड' पाहायची बाकी असेल तर आधी ती बघा.)

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका 1987 ते 1994 चालली. एंटरप्राइज या अंतराळयानाचा कॅप्टन होता जाँ-लूक पिकार्ड, आणि ही भूमिका केली पॅट्रिक स्टुअर्ट यांनी. 2002 च्या 'नेमेसिस' चित्रपटानंतर पिकार्ड पडद्यावरून गायब झाला तो थेट जानेवारी 2020 पर्यंत. मधल्या सतरा-अठरा वर्षांत चाहते एकच प्रश्न चघळत होते: पुढे त्याचं काय झालं?

अंदाज काही हवेत नव्हते. मालिकेच्या शेवटच्या भागात, 'ऑल गुड थिंग्ज'मध्ये, एक संभाव्य भविष्य दाखवलं होतं. त्यात म्हातारा पिकार्ड फ्रान्समध्ये द्राक्षमळा सांभाळतोय, मेंदूच्या आजाराने त्याची स्मृती दगा देतेय, आणि डॉक्टर बेव्हर्ली क्रशरशी झालेलं लग्न मोडलंय. चाहत्यांनी हाच धागा पकडला. पण ते भविष्य पक्कं नव्हतं, त्यामुळे वाद घालायला भरपूर जागा उरली.

एक गट म्हणायचा, तो ॲडमिरल होणार. दुसऱ्याला ते पटायचं नाही, कारण 1994 च्या 'जनरेशन्स'मध्ये कॅप्टन कर्क त्याला बजावतो की बढती घेऊन यान सोडू नकोस. कर्कला स्वतःला ॲडमिरलची खुर्ची मानवली नव्हती! 2009 च्या 'काउंटडाउन' कॉमिकने तिसरं उत्तर दिलं: पिकार्ड व्हल्कन ग्रहावर राजदूत. बोलून वाद मिटवणाऱ्या माणसाला शोभेल असंच पद. कादंबऱ्यांत मात्र त्याने बेव्हर्लीशी लग्न केलं, त्यांना मुलगाही झाला.

इथे 'कॅनन' हा शब्द समजून घ्या. स्टार ट्रेकमध्ये साधारणपणे मालिका आणि चित्रपटांत जे दिसतं तेच अधिकृत धरतात. कॉमिक आणि कादंबऱ्या कितीही आवडल्या तरी नवी मालिका त्या बाजूला सारू शकते. तसंच झालं.

2020 च्या मालिकेत (भारतात ती ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली) पिकार्ड द्राक्षमळ्यातच सापडतो. ॲडमिरलही झालेला असतो. म्हणजे दोन गट बरोबर! पण खरी गोष्ट कोणाच्याच हिशोबात नव्हती. रोम्युलन लोकांचा सूर्य फुटणार म्हणून तो त्यांना वाचवायला निघालेला असतो. मंगळावरच्या हल्ल्यात बचावाची जहाजं नष्ट होतात आणि स्टारफ्लीट मोहीमच गुंडाळते. मोहीम चालू ठेवा नाहीतर माझा राजीनामा घ्या, असं तो सांगतो. ते राजीनामा घेतात.

माझ्या मते चाहत्यांची चूक इथेच झाली. सगळे पदावर बोलत राहिले: ॲडमिरल की राजदूत? एवढा निष्ठावान माणूस आपलीच संस्था सोडून घरी का बसेल, हे फारसं कोणी विचारलंच नाही. पहिल्याच भागात मुलाखतकार त्याला नेमकं तेच विचारते, आणि त्याचा आवाज चढतो. तो प्रसंग चुकवू नका.

पुढे दुसऱ्या सीझनमध्ये तो स्टारफ्लीट ॲकॅडमीचा प्रमुख होतो आणि तिसऱ्यात, 2023 मध्ये, त्याला कळतं की बेव्हर्लीपासून त्याला एक मोठा मुलगा आहे, जॅक. कादंबऱ्यांचे वाचक तेव्हा हसले असतील.

सगळं बघायला वेळ नसेल तर चौथ्या सीझनमधला 'फॅमिली' बघा, द्राक्षमळा तिथेच पहिल्यांदा दिसतो. मग 'ऑल गुड थिंग्ज', आणि त्यानंतर थेट 2020 ची मालिका.