एका पांढऱ्या डागाचा इतिहास

गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. काळ्या कुळकुळीत नव्या गाडीचं बॉनेट आणि त्यावर पांढऱ्या शिंतोड्यांची रांगोळी. खाली एकच ओळ, "आता तरी झाड तोडा." झाड म्हणजे पार्किंगवर पसरलेला जुना वर्षावृक्ष, आपण ज्याला रेन ट्री म्हणतो तो. पावसाळ्यात त्यावर रातबगळे घरटी करतात. संध्याकाळपर्यंत त्या मेसेजला भराभर अंगठे मिळाले.

खरं सांगायचं तर एक अंगठा माझाही होता. गाडीचे हप्ते मीही भरतोय. पण रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर या डागाबद्दल वाचत बसलो आणि थेट पेरू देशात जाऊन पोचलो.

पेरूच्या किनाऱ्यालगत चिंचा नावाची बेटं आहेत. आपल्या चिंचेशी त्यांचा काही संबंध नाही. तिथे पाऊस जवळपास पडतच नाही, त्यामुळे समुद्रपक्ष्यांची शीट वाहून न जाता शतकानुशतकं साचत गेली. पक्षी आपल्यासारखी वेगळी लघवी करत नाहीत. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते पाणी वाचवून पांढऱ्या युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. बॉनेटवरचा पांढरा भाग तो हाच. नायट्रोजन म्हणजे पिकाचं अन्न, त्यामुळे या ढिगाऱ्याला, म्हणजे ग्वानोला, मोल आलं. इंका राजवटीत विणीच्या हंगामात त्या बेटांवर पाऊल ठेवणाऱ्याला देहदंड होता, असं गार्सिलासो दे ला व्हेगाने १६०९ साली लिहून ठेवलंय.

१८०४ मध्ये हम्बोल्टने ग्वानोचे नमुने युरोपात नेले आणि १८४० नंतर जहाजंच्या जहाजं भरून माल जाऊ लागला. खोदाईचं जीवघेणं काम प्रामुख्याने करारावर आणलेल्या चिनी मजुरांच्या माथी आलं. १८५६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की, कुणाच्या मालकीचं नसलेलं ग्वानोचं बेट अमेरिकन नागरिकाला सापडलं, तर ते अमेरिकेचं मानता येईल. १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटं बळकावली आणि त्यावरून युद्ध पेटलं. आपण ज्याला नाक मुरडतो, त्यासाठी आरमारं समोरासमोर आली!

याहून मजेशीर भाग रंगाचा आहे. १८१८ साली विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने बोआ अजगराच्या विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जांभळट लाल पदार्थ बनवला. पुढे १८५० च्या दशकात मँचेस्टरमध्ये ग्वानोपासून तोच रंग, म्युरेक्साइड, मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. पण शहरातल्या कोळशाच्या धुरातले गंधकाचे वायू त्याला फिका पाडत आणि लवकरच नवे कृत्रिम रंगही बाजारात आले. म्युरेक्साइड मागे पडला. म्हणजे शिटेपासून रंग बनत होता आणि तो शहराच्या हवेने बिघडत होता. आज उलटं झालंय. रंग गाडीवर आहे आणि शीट तो बिघडवते.

वाहनाचा रंग जपायची काळजी मोटारीहून जुनी आहे. बग्ग्यांवर वार्निशचे थरावर थर चढायचे, त्याला आठवडे लागायचे. बग्गी तबेल्याला लागून ठेवू नका, असा तेव्हाचा सल्ला असे, कारण लीद-मुतातून निघणारा अमोनिया वार्निश खराब करतो. मोटारी आल्या आणि इतका वेळ कुणाकडे उरला नाही. १९१४ ते १९२५ फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे. १९२३ मध्ये ड्युपाँटचा ड्युको हा चटकन वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला आणि रंगीत गाड्या सगळ्यांच्या आवाक्यात आल्या. आपल्याकडचे फर्निचरवाले आजही "ड्युको मारून देतो" म्हणतात, तो शब्द तिथला.

१९८० च्या दशकात गाड्यांवर क्लिअरकोट सर्रास झाला. खाली रंग आणि वर चकचकीत पारदर्शक थर. हा थर केसाहूनही पातळ असतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये आम्लपावसाने गाड्यांच्या या थरावर चट्टे उठू लागले, तेव्हा रंगाच्या कंपन्या जागरूक झाल्या. पुढे त्याच गावाच्या उन्हापावसात रंगवलेले पत्रे ठेवून नव्या क्लिअरकोटची परीक्षा घेतली जाऊ लागली.

मग शीट नेमकं काय करते? भर उन्हात क्लिअरकोट थोडा नरम होतो, फुगतो. संध्याकाळी थंड होऊन आकसताना तो वर वाळलेल्या शिटेच्या खडबडीत बुडाशी बिलगून घट्ट होतो. शीट काढली तरी ठसा राहतो. २००९ मध्ये इराणमधल्या संशोधकांनी दाखवलं की, शिटेतली पाचक एन्झाइम्सही क्लिअरकोटची रासायनिक वीण उसवतात. म्हणजे सगळा दोष आम्लाचा नाही. खरा शत्रू आहे ऊन आणि आपला आळस.

म्हणून उपाय साधे आहेत. शीट दिसली की त्याच दिवशी काढायची. कोरड्या फडक्याने घासायचं नाही, त्यात वाळूचे कण असतात, ओरखडे उठतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं डागावर ठेवायचं, भिजलं की अलगद उचलायचं. अधूनमधून वॅक्स लावायचं. आणि धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर चढवायचं नाही, वारा त्याचा सँडपेपर करतो.

ब्रिस्टलच्या लोकांनी मात्र वेगळा उपाय केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या या शहराच्या क्लिफ्टन या श्रीमंत भागात झाडांच्या फांद्यांवर खिळ्यांच्या पट्ट्या ठोकलेल्या दिसल्या. कशासाठी? खाली उभ्या महागड्या गाड्यांवर पक्षी शिटू नयेत म्हणून. फोटो पसरले, जगभरातून लोकांनी झोडपलं. झाडं खासगी जागेत होती, त्यामुळे पालिकेचेही हात बांधलेले. ते फोटो बघताना मला आमचा ग्रुप आठवला आणि पोटात कसंतरी झालं. आम्ही तर खिळे नाही, अख्खं झाडच मागत होतो.

रविवारच्या मीटिंगला मी दोन कायदे घेऊन गेलो. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणं हे शिकारीत मोडतं. फोटो टाकणारे काका म्हणाले, "कायदा ठीक आहे हो, पण डाग माझ्याच गाडीवर का?" प्रश्न बरोबर होता. झाडाची सावली आम्ही सगळे वापरत होतो, शीट मात्र चारच गाड्यांच्या वाट्याला येत होती.

शेवटी ठरलं की, जून ते सप्टेंबर झाडाखालच्या त्या चार जागा आळीपाळीने वापरायच्या. वर शेडनेट बांधायचं, खर्च सगळ्यांचा. झाडाला हात लावायचा नाही.

माझी पाळी ऑगस्टमध्ये आली. रोज सकाळी बादली आणि ओलं फडकं घेऊन खाली उतरायचो. महिन्याच्या शेवटी एक पिल्लू फांदीवरून धडपडत उडालं आणि जाता जाता, जाळं चुकवून, नेमकं माझ्या काचेवर शिटलं. काका वरून गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "वाळायच्या आत पूस रे."