बेणारेबाईंपासून मालिकांतील आजीपर्यंत : सुलभा देशपांडे

दूरचित्रवाणी मालिकांमधील आजी, सासू, मावशी किंवा शेजारीण यांचे चेहरे प्रेक्षकांना पाठ असतात. नावे मात्र पुष्कळदा ठाऊक नसतात. श्रेयनामावली वेगाने सरकते आणि त्यात ज्येष्ठ कलावंतांची नावे नायक-नायिकांच्या नंतर येतात. सुलभा देशपांडे यांच्या बाबतीतही असेच घडले. ४ जून २०१६ रोजी मुंबईत वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांना आठवली ती ‘अस्मिता’सारख्या मालिकेतील किंवा ‘इंग्लिश विंग्लिश’ चित्रपटातील प्रेमळ वृद्धा. मराठी रंगभूमीच्या जाणकारांना मात्र आठवली ती ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे. या दोन ओळखींच्या मधला सुमारे अर्धशतकाचा प्रवास समजून घेतल्याशिवाय चरित्र अभिनेत्री म्हणून त्यांचे मोल लक्षात येत नाही.

शाळेतून रंगभूमीकडे

सुलभाताईंचा जन्म १९३७ मध्ये मुंबईत झाला. माहेरच्या त्या कामेरकर. वडील वसंतराव कामेरकर हे एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीत होते. सुलभाताईंनी नोकरीची सुरुवात केली ती अभिनेत्री म्हणून नव्हे, तर शिक्षिका म्हणून. दादर येथील छबिलदास शाळेत त्या शिकवत. शाळेतील मुलांना करण्याजोगी चांगली नाटके हवी होती आणि ती लिहून देण्यासाठी विजय तेंडुलकर यांना सांगण्यात आले. मराठी नाटकाला हादरवून सोडणाऱ्या या नाटककाराने मुलांसाठीही तितक्याच मनापासून लिहिले. नाटककार, शिक्षिका आणि शाळकरी मुले यांचा हा संबंध पुढे सुलभाताईंच्या सगळ्या वाटचालीचा पाया ठरला.

१९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि डॉ. श्रीराम लागू या मंडळींच्या पुढाकाराने ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था सुरू झाली. सुलभाताई या संस्थेत दाखल झाल्या. ‘ससा आणि कासव’ आणि तेंडुलकरांच्या ‘मधल्या भिंती’ या नाटकांतील त्यांच्या भूमिका स्पर्धांमधून गाजल्या. दिग्दर्शक आणि अभिनेते अरविंद देशपांडे हे त्यांचे पती. संसार आणि रंगभूमी या दोहोंतही त्यांची साथ अखेरपर्यंत राहिली.

लीला बेणारे

१९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक रंगमंचावर आले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते. एका गावी प्रयोगासाठी गेलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करतात, गंमत म्हणून आपल्यातल्याच एका अविवाहित शिक्षिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि बघता बघता ती गंमत तिच्या खासगी आयुष्याची निर्दय चिरफाड होऊन बसते, असे त्याचे कथानक आहे. आरोपी लीला बेणारे ही शिक्षिका. ती भूमिका करणाऱ्या सुलभाताईही शिक्षिकाच. वर्गातील मुलांविषयीची बेणारेबाईंची ओढ आणि नोकरी जाण्याचे भय यांना त्यांच्या अभिनयात जो खरेपणा लाभला, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

नाटकाच्या शेवटी बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत आहे. दिग्दर्शकाच्या आग्रहावरून तालमींच्या अखेरच्या टप्प्यात ते लिहिले गेले, असे नाट्यवर्तुळात सांगितले जाते. खटल्यात तिला स्वतःची बाजू मांडू दिली जात नाही; जे बोलायचे ते ती या स्वगतात बोलते आणि तेही इतरांना ऐकू जात नाही. हे स्वगत आजही नाट्यशिक्षणाच्या वर्गांत आणि एकपात्री स्पर्धांत अभिनयाची कसोटी मानले जाते. पुढे अनेक भाषांतील अनेक अभिनेत्रींनी बेणारे साकारली, परंतु तिला प्रथम देह आणि आवाज दिला तो सुलभाताईंनी.

रंगमंचावरचा अभिनय प्रयोगाबरोबर संपतो. सुदैवाने या भूमिकेचा काही अंश टिकून राहिला. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये या नाटकावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांची होती, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभाताईच होत्या. हे त्यांचे रुपेरी पडद्यावरील पदार्पण. त्या चित्रपटामुळेच पुढील पिढ्यांना ही भूमिका पाहता आली.

‘आविष्कार’ आणि छबिलदासचे सभागृह

१९७१ मध्येच अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरुण काकडे यांच्यासह ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. गिरीश कार्नाड यांच्या ‘तुघलक’ या नाटकाने संस्थेचा आरंभ झाला. प्रायोगिक नाटक करणाऱ्यांपुढे तेव्हाही आजच्यासारखाच प्रश्न होता : नाटक आहे, कलावंत आहेत, पण जागा कुठे आहे? मोठ्या नाट्यगृहांचे भाडे परवडत नसे आणि तेथील तारखा व्यावसायिक नाटकांनी व्यापलेल्या असत.

या प्रश्नाचे उत्तर सुलभाताईंच्या शाळेत सापडले. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’चे प्रयोग होऊ लागले. दादर पश्चिमेच्या गजबजलेल्या बाजारपेठेतील हे साधे सभागृह. ना भव्य रंगमंच, ना गुबगुबीत खुर्च्या. प्रेक्षक मात्र नटाच्या श्वासाइतक्या अंतरावर बसे. ‘आविष्कार’ने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही, ती इतर संस्थांनाही खुली केली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्या दिग्दर्शकांची नाटके येथे झाली. जयदेव हट्टंगडी यांनी ‘आविष्कार’साठी बसवलेल्या ‘चांगुणा’मध्ये रोहिणी हट्टंगडी यांचा अभिनय मुंबईच्या प्रेक्षकांनी पाहिला. पुढे या साऱ्या घडामोडींना ‘छबिलदास चळवळ’ असे नावच पडले. नव्वदच्या दशकात संस्थेला ही जागा सोडून माहीमच्या महापालिका शाळेत जावे लागले. मुंबईत प्रायोगिक नाटकाला स्वतःचे हक्काचे छप्पर मिळण्याची गोष्ट आजही अपुरीच आहे.

चंद्रशाला

शिक्षिकेची नोकरी मागे पडली तरी सुलभाताईंमधील शिक्षिका मागे पडली नाही. ‘आविष्कार’चा बालविभाग म्हणून त्यांनी ‘चंद्रशाला’ उभी केली. मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांनी मुलांसाठी केलेला बाळबोध विनोद, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मुलांना आवाज, हालचाल, ताल आणि शिस्त यांचे रीतसर शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य या आग्रहाचे सर्वांत मोठे फळ. आचार्य पार्वतीकुमार यांच्या नृत्यदिग्दर्शनाखाली मोठ्या संख्येने मुले त्यात एकाच वेळी रंगमंचावर वावरत. वर्षानुवर्षे हे नाटक चालले. मुले मोठी होत गेली, त्यांच्या जागी नवी येत गेली.

बालचित्रपटाकडेही त्या वळल्या. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’ या बालनाट्यावरून त्यांनी १९७८ मध्ये ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा चित्रपट बालचित्र समितीसाठी दिग्दर्शित केला. स्त्री दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतानाचा तो काळ होता.

चित्रपटांतील चरित्र भूमिका

सत्तरच्या दशकात समांतर चित्रपटाला प्रायोगिक रंगभूमीवरील कलावंतांची गरज भासली. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) मध्ये सुलभाताईंनी स्मिता पाटील यांच्या आईची भूमिका केली. सईद मिर्झा यांचा ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ आणि मुजफ्फर अली यांचा ‘गमन’ हे त्यांचे १९७८ मधील आणखी दोन चित्रपट. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ प्रदर्शित झाला. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट ठाकर समाजाच्या जगण्यावर आधारलेला. रायगडातील डोंगरांपासून ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, टोकावडे, शहापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी हा समाज वस्ती करून आहे. मुंबईत जन्मलेल्या, दादरच्या शाळेत शिकवलेल्या सुलभाताई त्या मातीतील स्त्रीच्या भूमिकेत परक्या वाटल्या नाहीत.

संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) मधील त्यांची आई मराठी प्रेक्षकांच्या विशेष लक्षात राहिली. दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेल्या मतिमंद नंदूचा सांभाळ करणारी ही आई. आपल्यामागे या मुलाचे काय, हा प्रश्न ती चेहऱ्यावर वागवते. त्यासाठी अश्रूंचा आधार सुलभाताईंनी फारसा घेतला नाही. कमी बोलणे, कामात गुंतलेले हात आणि मुलावर सतत खिळलेली नजर एवढ्यावर त्यांनी ती भूमिका तोलून धरली.

छोट्या पडद्यावर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि २००० च्या सुमारास दैनंदिन मालिकांची लाट उसळली. या लाटेत घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्रींना मोठी मागणी आली. ‘तनहा’, ‘बदलते रिश्ते’, ‘एक पॅकेट उम्मीद’, ‘जी ले जरा’ या हिंदी आणि ‘अस्मिता’ या मराठी मालिकेत सुलभाताई दिसल्या.

मालिकेतील चरित्र कलावंताचे काम वरून दिसते तितके सोपे नसते. मानधन साधारणपणे दिवसाच्या हिशेबाने ठरते आणि हातात पडायला अनेकदा तीन महिने लागतात. संवाद चित्रीकरणाच्या दिवशीच मिळतात. पात्राला आरंभ आणि शेवट असेलच असे नाही. कथेचा ओघ बदलला की आजी आठवडेच्या आठवडे दिसेनाशी होते. नाटकात महिनाभर तालीम करणाऱ्या कलावंताला हे सारे जड जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी उपयोगी पडते ती मुरलेली तयारी : संवाद ऐकण्याची सवय, समोरच्याला वाव देण्याची वृत्ती आणि अल्प अवकाशात माणूस उभा करण्याचे कसब. सुलभाताईंच्या छोट्या भूमिकाही पोकळ वाटत नसत, त्याचे कारण हेच.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मध्ये त्या श्रीदेवी यांच्या सासूच्या भूमिकेत होत्या. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी जिला कमी लेखतात, त्या सुनेचे मन जाणणारी ही सासू. भूमिका लहान, पण मालिकांनी रूढ केलेल्या कजाग सासूच्या साच्याला सौम्यपणे नकार देणारी.

सन्मान आणि वारसा

१९८७ हे वर्ष सुलभाताईंसाठी दुःखाचे आणि गौरवाचेही ठरले. त्या वर्षी अरविंद देशपांडे यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. पतीच्या निधनानंतरही त्या ‘आविष्कार’शी जोडलेल्या राहिल्या. अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ संस्थेने नाट्यमहोत्सवाची परंपरा सुरू केली. २०१० मध्ये सुलभाताईंना ‘तन्वीर सन्मान’ प्रदान करण्यात आला. रंगभूमीवरील प्रदीर्घ कार्याची ती दखल होती.

बेणारेसारखी भूमिका वाट्याला आल्यावर एखादी अभिनेत्री आयुष्यभर नायिकेच्या जागेसाठी झगडली असती. सुलभाताईंनी ती जागा इतरांसाठी मोकळी केली. इतरांना नाटक करता यावे म्हणून सभागृह मिळवले, मुलांना रंगमंच दिला आणि स्वतः पडद्यावर आई, सासू, आजी होऊन कथेच्या कडेला उभ्या राहिल्या. मालिका संपतात, त्यांतील पात्रे विस्मरणात जातात. परंतु छबिलदासच्या सभागृहात घडलेले दिग्दर्शक आणि ‘चंद्रशाला’त प्रथमच रंगमंचावर पाऊल ठेवलेली मुले, हा सुलभा देशपांडे यांच्या कारकिर्दीचा श्रेयनामावलीत न मावणारा भाग आहे.