मेंदूवर क्रिया करणारी औषधे आणि उंदरांच्या शरीराचे तापमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मेंदूवर क्रिया करणाऱ्या औषधांचा इतिहास सामान्यतः मानसोपचाराच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या औषधांची पारख मात्र मोठ्या प्रमाणावर उंदरांवर झाली आणि तीत तापमापकाला महत्त्वाचे स्थान होते. उंदराचे वजन २० ते ३० ग्रॅम असते. वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाते. सुमारे ३० अंश सेल्सिअसला त्याला जादा उष्णता निर्माण करावी लागत नाही; प्रयोगशाळा मात्र बहुधा २० ते २४ अंशांवर ठेवल्या जातात. अशा वेळी मेंदूचे तापनियंत्रण औषधाने शिथिल झाले, तर शरीर थंड होऊ लागते. हा परिणाम औषधाचा म्हणावा की परिस्थितीचा, हा प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे.

गर्दी आणि उष्णता

इंग्लंडमधील संशोधक चान्स यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले, की अँफेटामाइनची मात्रा तीच असली तरी एकेकट्या ठेवलेल्या उंदरांपेक्षा एकत्र कोंडलेल्या उंदरांना ती अधिक घातक ठरते. खोलीच्या उष्णतेचाही या मृत्युप्रमाणावर परिणाम होत होता. घातक मात्रा हा केवळ औषधाचा स्थिर गुणधर्म नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

क्लोरप्रोमाझिन आणि रेसर्पिन

फ्रान्समध्ये १९५० च्या डिसेंबरात क्लोरप्रोमाझिन तयार झाले. नौदलातील शल्यविशारद आंरी लाबोरी यांनी 'कृत्रिम शीतनिद्रे'च्या संकल्पनेतून शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा वापर केला. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात दले व देनिकेर यांनी ते मनोरुग्णांसाठी वापरले. थंड वातावरणात हे औषध उंदराचे तापमान उतरवते. पुरेशा उष्ण वातावरणात तसे घडत नाही.

दुसरा धागा भारतातून गेला. सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगाविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या वनस्पतीतून रेसर्पिन वेगळे केले. रेसर्पिनने मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचे साठे रिते होतात. उंदीर सुस्त होतात आणि थंडही पडतात. लेसिन व पार्क्स यांनी १९५७ मध्ये उंदरांतील ही सुस्ती आणि तापमान यांच्या परस्परसंबंधाचाच अभ्यास केला.

तापमापकाची कसोटी व तिच्या मर्यादा

१९६३ मध्ये अ‍ॅस्क्यू यांनी या निरीक्षणाचे रूपांतर चाळणी-परीक्षेत केले. रेसर्पिनने उतरलेले तापमान जे द्रव्य पुन्हा वर आणील, ते इमिप्रामाइनसारखे नैराश्यरोधक असण्याची शक्यता मानली गेली. ही परीक्षा स्वस्त आणि सोपी होती. परंतु अँफेटामाइनसारखी उत्तेजकेही तीत उत्तीर्ण होत, तर पुढे आलेली केवळ सेरोटोनिनवर क्रिया करणारी नैराश्यरोधके बहुधा अनुत्तीर्ण ठरत. जुन्या औषधांसारखेच नवे औषध शोधून देणारी ही चाळणी होती.

दुर्लक्षाची किंमत १९९० मध्ये उघड झाली. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यावर एमके-८०१ हे औषध चेतापेशींना वाचवते, असे मानले जात होते. बुकन व पुल्सिनेली यांनी जर्बिल या उंदरासारख्या कृंतक प्राण्यात तापमान कायम राखून प्रयोग केला, तेव्हा संरक्षण दिसले नाही. जे संरक्षण दिसत होते ते शरीर थंड झाल्यामुळे होते.

निष्कर्ष

उंदराच्या शरीराचे तापमान प्रारंभी परिणाम म्हणून नोंदले गेले, नंतर कसोटी म्हणून वापरले गेले आणि शेवटी चुकीच्या निष्कर्षाचे कारण म्हणून ओळखले गेले. अँफेटामाइनच्या प्रयोगातून १९४६ मध्येच मिळालेला इशारा मेंदूसंरक्षक औषधांच्या बाबतीत ४४ वर्षांनी पुन्हा शिकावा लागला. खोलीचे तापमान, पिंजऱ्यातील उंदरांची संख्या आणि प्राण्याच्या शरीराचे तापमान यांची नोंद नसलेला प्रयोग औषधाविषयी जे सांगतो, ते अपुरे असते. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ही नोंद सहज ठेवता येते.