झ्वार्टेनडाइक, यान

(२९ जुलै १८९६ – १४ सप्टेंबर १९७६). लिथुएनियात अडकलेल्या ज्यू निर्वासितांना सुटकेची वाट काढून देणारे डच व्यापारी व मानद वाणिज्यदूत. जन्म रॉटरडॅम येथे. फिलिप्स कंपनीच्या काउनास शाखेचे ते प्रमुख होते. जून १९४० मध्ये, मायदेश जर्मनांच्या ताब्यात गेलेला असताना, रीगा येथील डच राजदूत द डेक्कर यांनी त्यांच्याकडे वाणिज्यदूताचे काम सोपविले. त्याच महिन्यात सोव्हिएट सैन्य लिथुएनियात शिरले आणि पोलंडहून पळून आलेले हजारो ज्यू तेथे कोंडले गेले.

मार्ग सापडला तो पेसला लेविन या मूळच्या डच निर्वासित महिलेच्या चिकाटीमुळे. कॅरिबियनमधील कुरासाओ या डच वसाहतीत जाण्यास व्हिसा लागत नसे. गव्हर्नरची परवानगी मात्र लागे आणि ती सहसा मिळत नसे. लेविन यांच्या विनंतीवरून द डेक्कर यांनी पासपोर्टवर पहिली बाब लिहिली, दुसरी गाळली. २२ जुलै रोजी झ्वार्टेनडाइक यांनी तोच मजकूर लेविन दांपत्याच्या प्रवासपत्रावर उतरविला. बातमी पसरताच दारात रांग लागली. मजकूर फ्रेंचमध्ये, एकाच वाक्याचा : सुरिनाम, कुरासाओ व अमेरिकेतील इतर डच प्रदेशांत परकीयांना प्रवेशासाठी व्हिसाची गरज नाही. त्यात खोटे काहीच नव्हते. माणसे वाचली ती गाळलेल्या अर्ध्या वाक्यामुळे. सुरुवातीला ते हे वाक्य प्रत्येक कागदावर हाताने लिहीत. गर्दी वाढल्यावर रबरी शिक्का करून घेतला, पण सही स्वतःचीच. ३ ऑगस्टला कचेरी बंद झाली. ज्ञात कागदांवरील सर्वांत मोठा क्रमांक २,३४५ आहे; एका कागदावर कधी कधी सारे कुटुंब जाई.

हा कागद म्हणजे प्रवासाच्या अखेरच्या ठिकाणाचा दाखला. त्याच्या आधारे जपानी उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा पारगमन व्हिसा देत. पुढे सायबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोक, बोटीने त्सुरुगा, तेथून कोबे, आणि अनेकांच्या नशिबी शांघाय. मीर येथील धर्मविद्यापीठ जवळजवळ सबंध याच वाटेने वाचले. वाचलेल्यांच्या एकूण संख्येबाबत मतभेद आहेत. कागद हाती असूनही काहींना निघता आले नाही. सुगिहारांचे नाव जगभर झाले, ते योग्यच. पण पहिल्या कागदाशिवाय दुसऱ्याला आधार नव्हता, हे बहुतेक वृत्तांतांत एका ओळीत उरकले जाते.

सप्टेंबर १९४० मध्ये ते जर्मनव्याप्त नेदरलँड्सला परतले आणि या कामाविषयी गप्प राहिले. १९६४ मध्ये डच परराष्ट्र खात्याने नियमभंगाबद्दल त्यांना समज दिली. इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेने १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर गौरविले. सुगिहारांना तो मान त्यांच्या हयातीत मिळाला होता. २०१८ मध्ये डच सरकारने त्या जुन्या समजेबद्दल कुटुंबाची माफी मागितली. त्याच वर्षी काउनास येथे त्यांचे प्रकाशदीपांचे स्मारक उभारण्यात आले.

पत्नी एर्ना, तीन अपत्ये.