पक्ष्यांच्या मागून जाणारी होडी

जाळे टाकण्याआधी मासा कुठे आहे हे कळावे लागते. सोनार येण्यापूर्वी ते कसे कळत असे? आजचा धागा जपानच्या सेतो अंतर्समुद्रातील तोयोशिमा या बेटाविषयी.

हिवाळ्यात उत्तरेकडून तेथे ‘अबी’ नावाचे पक्षी येतात. बुडी मारून मासे पकडण्यात ते तरबेज. अबींचा थवा ‘इकानागो’ या बोटाएवढ्या, सडपातळ माशांच्या झुंडीला वेढा घालतो. भेदरलेली झुंड खोल पाण्यात सूर मारते आणि तिला गिळण्यासाठी खालून ‘ताई’ मासे वर येतात. (आपल्या ताईशी याचा संबंध नाही, जपानमध्ये हा मंगलप्रसंगी वाढला जाणारा मानाचा मासा आहे.) कोळी नेमक्या त्या जागी इकानागोचेच आमिष लावून गळ सोडत. ही रीत सुमारे तीनशे वर्षे चालली, असे सांगितले जाते.

जपानमधील पाणकावळ्यांची मासेमारी अनेकांना ठाऊक असेल. तेथे पक्षी पाळलेला असतो आणि त्याच्या गळ्याला दोरी बांधलेली असते. अबी मात्र पूर्णपणे स्वतंत्र. तो बुजला की त्या दिवसाची मासेमारी संपली. म्हणून होडी वल्ह्यांनी, हळूहळू न्यायची आणि पक्ष्याला इजा करायची नाही. मला यात भूतदयेपेक्षा व्यवहार अधिक दिसतो. पण त्या व्यवहारानेच पक्षी राखला, हेही खरे.

१९३१ मध्ये जपान सरकारने या परिसराला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिले. त्या नोंदीचे शब्द पाहण्यासारखे आहेत : ‘अबी येऊन थव्याने विहरतात तो समुद्रपृष्ठभाग’. पृष्ठभाग! कोळ्याला दिसत होते तेवढेच कायद्यालाही दिसले.

परंतु या साखळीचे मूळ तळाशी होते. इकानागो उन्हाळाभर स्वच्छ, भरड वाळूत स्वतःला पुरून घेऊन पडून राहतो. महायुद्धानंतर जपानमध्ये बांधकामांचा धडाका सुरू झाला, काँक्रीटला वाळू हवी होती आणि सेतोच्या समुद्रतळातून ती प्रचंड प्रमाणात उपसली गेली. वर यंत्रबोटींची वर्दळ वाढली. इकानागो घटले, अबींचे थवे विरळ झाले आणि १९८० च्या दशकात ही मासेमारी थांबली. हिरोशिमा प्रांताने समुद्रातील वाळूउपशावर बंदी घातली ती १९९८ मध्ये.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक अडचण जाणवते. थवा कसा वळला म्हणजे गळ कुठे सोडायचा, हे ज्ञान नजरेत आणि हातात होते. पद्धतीचे वर्णन कागदावर उतरवता येते. तो अंदाज उतरवता येत नाही, आणि समोर थवाच नसेल तर तो पुढच्या पिढीला शिकवताही येत नाही.

हिरोशिमा प्रांताचा अधिकृत पक्षी आजही अबीच आहे.